मोजणीदारांची थोरली

बुधवारी सकाळी दाढी करता करता मोजणीदारांनी एक लहानसा निर्णय घेतला. गाडी बघायला गिऱ्हाईक आलं, की घरातल्या बायकांनी अंगणात पाऊल टाकायचं नाही. निर्णय घेताना गालाला थोडं कापलं, पण तेवढ्याकडे कोण लक्ष देतो! (द्यायला हवं होतं. अंगाला आधी कळतं, डोक्याला मागाहून.)

घरातल्या बायका म्हणजे दोनच. एक त्यांची बायको आणि दुसरी बायकोची आई, म्हणजे सासूबाई. दोघींत एकच खोट होती. त्या खरं बोलायच्या. परवा एक ओळखीचे गृहस्थ सहज म्हणाले, "गाडी छान ठेवलीय हं." त्यावर बायको म्हणाली, "बाहेरून." सासूबाई म्हणाल्या, "आणि लांबून." ते गृहस्थ घेणार होते की नव्हते देव जाणे, पण पुन्हा काही फिरकले नाहीत.

गाडी म्हणजे ती उंच, चौकोनी, चारही चाकांना जोर असलेली, डोंगर चढणारी गाडी. सत्तावीस वर्षांची. मोजणीदारांचा धंदा लोकांच्या जमिनी मोजून द्यायचा. रस्ता जिथे संपतो तिथून त्यांचं काम सुरू व्हायचं, आणि तिथवर त्यांना ही गाडी न्यायची. घरात तिला 'थोरली' म्हणत. लग्नानंतर पहिल्या वर्षी ती आली आणि दुसऱ्या वर्षी मुलगी झाली. म्हणून मुलगी एकुलती एक असूनही तिचं नाव पडलं धाकटी. शाळेत बाईंनी विचारलं, "तुझी मोठी बहीण काय करते गं?" तर धाकटी म्हणाली होती, "डोंगर चढते. पण धूर फार सोडते."

तर ही धाकटी आता दूर एका थंड देशात नोकरीला होती. थंड म्हणजे कसला थंड! तिथे हिवाळ्यात म्हणे नाक बाहेर काढताना विचार करावा लागतो. तिने खटपट करून तिघांचे कायमचे तिकडे राहायचे कागद करवून घेतले. व्हिसा आले, तिकिटं आली, सोमवारचं विमान ठरलं. बायको चार महिने लोकर विणत होती. घरात जिथे बसावं तिथे खालून सुई टोचत होती. मोजणीदारांनी फोनवर हळूच विचारून पाहिलं होतं, "थोरलीला जहाजातून वगैरे आणता येईल का गं?"

"बाबा," धाकटी म्हणाली, "इथे ती रस्त्यावर आली ना, तर पोलीस दंड नाही करणार. अ‍ॅम्ब्युलन्स बोलावतील."

खरं म्हणजे ही मंडळी गेल्या वर्षीच जायची होती. पण तेव्हा मोजणीदारांनी "थोरलीची नीट सोय लागली नाही" म्हणून तिकिटं रद्द करायला लावली. धाकटी फोनवर रडली. म्हणून या वेळी बायकोने पक्का बंदोबस्त केला. शनिवारी दुपारी चार वाजता भंगारवाल्याला यायला सांगितलं.

"तोवर चांगलं घर मिळालं तर आनंदच आहे," ती म्हणाली. "नाही मिळालं, तर तो कापून नेईल."

"कापून?"

"अख्खी कशी नेणार? टेम्पोत मावायला नको?"

तो 'कापून' शब्द मोजणीदारांच्या डोक्यातून जाईना. आपल्या थोरलीच्या दारावर कोणी गॅसची ज्योत धरतोय, हे चित्र त्यांना जेवतानाही दिसायला लागलं. (जेवण मात्र कमी झालं नाही. हे सासूबाईंनी नोंदवलेलं आहे.) शनिवारच्या आत तिला विकायची, चांगल्या माणसाला विकायची, आणि त्यासाठी या दोघींना घरात कोंडायचं, असं त्यांनी ठरवलं. जाहिरातीत त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'एकाच निष्णात चालकाने सत्तावीस वर्षे चालविलेली.'

बायकोने जाहिरात वाचली. 'निष्णात'पाशी थोडी थांबली आणि पुन्हा विणायला लागली.

बुधवारी दुपारी पहिलं गिऱ्हाईक आलं. रस्त्यांची कामं घेणारा एक ठेकेदार होता. मोजणीदारांनी दोघींना आत घालून दाराला बाहेरून कडी लावली, शर्ट खोचला आणि रुबाबात गाडीत बसले. चावी फिरवली. थोरली खाकरली. पुन्हा फिरवली. पुन्हा खाकरली आणि गप्प झाली.

"रोज अशीच करते?" ठेकेदाराने विचारलं.

"छे छे! रोज एका फटक्यात."

"मग आज काय झालं?"

"नवीन माणूस बघून लाजली जरा."

ठेकेदाराने वीस मिनिटं वाट पाहिली. थोरली काही लाज सोडेना. "साहेब, माझ्याकडे निर्लज्ज गाडी पाहिजे," असं म्हणून तो निघून गेला.

आणि गंमत बघा, तो गेल्यावर तासाभराने तिघं बाजाराला निघाली, तर थोरली एका फटक्यात सुरू! मोजणीदारांचा ऊर भरून आला.

"बघितलंस? परक्याला हात लावू देत नाही. मी निघालोय ते कळलंय तिला."

"तुमचं आपलं काहीतरीच," बायको म्हणाली आणि डाव्या वळणावर सवयीने हात बाहेर काढला.

गुरुवारी एक फोटोग्राफर आला. तो उत्साही निघाला. गाडी सुरू होत नाही म्हटल्यावर म्हणाला, "हरकत नाही, उतार आहे, ढकलू!" ढकलली. झाली सुरू. मोजणीदारांनी पहिला टाकला, दुसरा टाकला, तिसरा टाकला, आणि तिसरा जो खाडकन निसटला तो गाडी मोकळीच धावायला लागली. घाईत पायातला ब्रेक विसरून हातब्रेक ओढला, तर तो ओढल्यासारखा वरती आला, पण खाली काही घडलं नाही. शेवटी थोरली शेजाऱ्यांच्या फुलझाडांत जाऊन थांबली.

"या गाडीत तिसरा गिअर नाहीये का?" फोटोग्राफरने डोक्यातली पानं काढत विचारलं.

"आहे. म्हणजे असतो. काल होता."

फोटोग्राफरने जाण्यापूर्वी गाडीचा, फुलझाडांचा आणि मोजणीदारांचा एकत्र फोटो काढला. शेजाऱ्यांनी तो नंतर पुरावा म्हणून मागून घेतला.

त्या संध्याकाळी मोजणीदार फडकं घेऊन थोरलीचं बॉनेट पुसत बसले. पुसता पुसता समजावू लागले, "हे बघ बाई, मला जायलाच हवं. धाकटी वाट बघतेय. तू अशी हटून बसलीस तर शनिवारी काय होणार आहे, तुला माहीत नाही. माझ्यासाठी तरी एकदा परक्या हाताने चाल गं."

खिडकीतून सासूबाई म्हणाल्या, "आमच्याशी कधी एवढं गोड बोलल्याचं आठवत नाही."

शुक्रवारी आले ते गुरांचे डॉक्टर. त्यांचा दवाखाना दोन गल्ल्या सोडूनच होता. इतका किडकिडीत माणूस, की अंगातला शर्ट दांडीवर वाळत घातलाय असं वाटावं. डोंगरावरच्या वस्त्यांमधल्या गाई-म्हशी आजारी पडल्या की डॉक्टरांना पायी जावं लागायचं. एकदा तर ते पोचेपर्यंत म्हैस आपली आपणच बरी होऊन चरायला गेली होती. त्यामुळे त्यांना चढणारी गाडी हवी होती आणि मनापासून हवी होती.

थोरली अर्थातच सुरू झाली नाही. पण हे डॉक्टर निघून जाईनात. अंगणातल्या दगडावर बसले आणि विचारू लागले.

"कधीपासून असं होतंय?"

"बुधवारपासून."

"बुधवारी काही नवीन झालं होतं? जागा बदलली? खाणं बदललं?"

"खाणं म्हणजे डिझेल. तेच आहे."

"आसपासची माणसं बदलली?"

मोजणीदार सांगणार होते, की माणसं कशाला बदलतील. पण तेवढ्यात आतून दारावर धडाधड थापा पडल्या.

"अहो, कडी काढा! कोटाची चेन बसवायला टाकलीय, शिंपी पाच वाजता दुकान बंद करतो. आणि आईचे बूट घट्ट होतायत, ते बदलायचेत. तुमचं गिऱ्हाईक गेलं खड्ड्यात!"

"गिऱ्हाईक इथेच आहे," डॉक्टर नम्रपणे म्हणाले.

कडी काढावीच लागली. बायको विणकाम घेऊन पुढे डावीकडे बसली, सासूबाई काठी घेऊन मागे मधोमध बसल्या. मोजणीदारांनी कपाळावरचा घाम पुसून चावी फिरवली, आणि थोरली एका फटक्यात सुरू!

"थांबा!" डॉक्टर ताडकन उठले. "बंद करा. वहिनी, तुम्ही जरा उतरा."

वहिनी उतरल्या. थोरली खाकरून गप्प.

"वहिनी, बसा."

वहिनी बसल्या. थोरली सुरू.

"आता मला सांगा, तुम्ही डाव्या पायाने काय केलंत?"

"मी? मी कुठे काय केलं?"

"तुम्ही पाय आपटलात. गाडी खाकरली, त्याच क्षणी. माझे रोगी बोलत नाहीत, वहिनी. मला बघायची सवय आहे."

"इश्श! मी कशाला पाय आपटू?"

पुन्हा चावी फिरवली, पुन्हा पाय आपटला गेला. या वेळी सगळ्यांनीच पाहिलं. बायकोने स्वतःच्या पायाकडे असं पाहिलं, जणू तो कोणीतरी तिच्याकडे ठेवायला दिलाय. डॉक्टरांनी वाकून बघितलं, तर तिच्या पायाखाली पत्र्याच्या मागे, हात पोचणार नाही अशा जागी, एक वायर सैल झालेली होती. दणका बसला, की ती जागेवर जाऊन टेकायची.

"अगं बाई!" ती म्हणाली. "मला वाटायचं, मी यांच्यावर चिडून आपटते."

आता हे एवढी वर्षं कोणाच्या लक्षात कसं आलं नाही, असं तुम्ही विचाराल. तर मोजणीदार एकटे कधी गाडीत बसलेच नव्हते. जमीन मोजायची म्हणजे टेपचं एक टोक यांनी धरायचं, दुसरं बायकोने धरायचं. आकडे यांनी ओरडायचे, तिने लिहायचे. आणि सासूबाईंना घरी एकटं कसं ठेवायचं, म्हणून त्या थर्मास घेऊन मागे. तिघं गेली म्हणजे तिघं यायची. मोजणीदार सत्तावीस वर्षं पुढे बघून गाडी चालवत होते. (गाडी चालवणाऱ्याने पुढेच बघावं, यात त्यांची काही चूक नाही.) त्यामुळे गाडीच्या आत काय चाललंय, याची त्यांना गंधवार्ता नव्हती.

डॉक्टर म्हणाले, "शिंप्याकडे जाऊ या. मी आजींच्या शेजारी बसतो."

चौकापर्यंत जाईतो डॉक्टरांच्या वहीची दोन पानं भरली. तिसरा गिअर पडला, त्या क्षणी सासूबाईंची काठी पुढे सरकली आणि तिच्या वाकड्या मुठीने गिअरचा दांडा गच्च धरून ठेवला. सासूबाई तेव्हा चक्क घोरत होत्या.

"आजी! आजी, ही काठी?"

"तिथेच असते ती," सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "तिसरा सुटला की दणका बसतो, झोपमोड होते. म्हणून धरते."

"मला वाटायचं, टेकलीय," मोजणीदार पुटपुटले.

"डिझेलचा काटा तर भरलेलाच दाखवतोय," डॉक्टर म्हणाले.

"तो बारा वर्षं भरलेलाच आहे. टाकी माझ्या बुडाखाली आहे. डचमळायचं थांबलं, की मी सांगते जावईबापूंना. म्हणजे मी म्हणते 'जरा थांबू या,' त्यांना वाटतं मला चहा हवाय."

डाव्या वळणाचा दिवा लागत नव्हता, तर बायको हातात असेल ते विणकाम बाहेर काढून दाखवायची. चढावर कोणता गिअर टाकायचा, ते सासूबाई इंजिनाच्या आवाजावरून "हं" करून सांगायच्या, आणि मोजणीदारांना वाटायचं, सासूबाईंना आपलं ड्रायव्हिंग आवडलं. थांबल्यावर चाकामागे दगड बायको लावायची. तो दगड तिच्या पर्समध्ये असे.

परत आल्यावर डॉक्टरांनी वही मिटली. "गाडी मला पसंत आहे. आतून धडधाकट आहे. पण मला सगळी हवी."

"सगळी म्हणजे?"

"वहिनी आणि आजींसकट."

मोजणीदारांचा चेहरा बघण्यासारखा झाला. सासूबाई मात्र म्हणाल्या, "पगार काय देणार?"

"तसं नव्हे हो! म्हणजे त्यांची कामं आमच्या घरच्यांना शिकवा. घरी बायको आहे, आई आहे. दिवसभर एकमेकींशी भांडतात. त्याच आता डोंगरावर भांडतील, निदान हवा तरी चांगली मिळेल."

असं ठरलं आणि शनिवारी सकाळी अंगणात शाळा भरली. मोजणीदारांच्या बायकोने डॉक्टरांच्या बायकोला पाय आपटायला शिकवलं. "नुसतं आपटू नका. मनात राग आणून आपटा." डॉक्टरांच्या बायकोला ते पहिल्या दमात जमलं. सासूबाईंनी डॉक्टरांच्या आईला काठी धरायला शिकवली. "घट्ट नको. सुनेचं मनगट धरल्यासारखी धरा, निसटता कामा नये पण वळ उठता कामा नये." दोन्ही म्हाताऱ्यांची अशी गट्टी जमली, की मधेच थर्मास उघडला गेला.

मोजणीदार बाजूला अकरा पानं घेऊन उभे होते. रात्री जागून त्यांनी लिहिली होती. 'चालकास सूचना' असं मथळ्याला अधोरेखित केलं होतं. वळणं कशी घ्यावीत, चिखलात धीर कसा धरावा, सगळं तपशिलवार लिहिलं होतं.

"डॉक्टर, आता मुख्य भाग. चालवणं."

"ते येतं मला," डॉक्टर म्हणाले. "चालवायचं काय त्यात? चाक धरायचं फक्त."

मोजणीदारांना वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. त्यांनी अकरा पानांची घडी घातली आणि खिशात ठेवली. डॉक्टरांच्या बायकोने रागाने पाय आपटला, थोरली एका फटक्यात सुरू झाली आणि परक्या माणसांना घेऊन फाटकाबाहेर पडली. फाटकाशी उभे राहून मोजणीदार आवाज ऐकत राहिले. दुसरा पडला. तिसरा पडला. तिसरा राहिला. गाडी विकली जातेय, कापली जाणार नाही, याचा आनंद व्हायला हवा होता. झालाही थोडा. पण सत्तावीस वर्षं आपण हिला चालवलं की हिने आपल्याला फिरवून आणलं, हा प्रश्न काही केल्या मनातून जाईना.

पाच मिनिटांत गाडी परत आली. डॉक्टरांचा चेहरा पडला होता.

"साहेब, गाडी डावीकडे ओढतेय. सरळ जातच नाही. दोनदा गटारात जाता जाता वाचलो."

मोजणीदारांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. "काय सांगता! माझ्या हातात तर कधी ओढली नाही!"

त्यांनी स्वतः चालवून दाखवली. सरळ! मग डॉक्टर चालवायला बसले आणि मोजणीदार त्यांच्या मागच्या सीटवर. तरी सरळ! मोजणीदार उतरले. चालली डावीकडे. कारण उघड होतं. त्यांचा मेकॅनिक चाकं सरळ करायचा तेव्हा यांना गाडीत बसवूनच करायचा. थोरलीला उजवीकडे त्यांच्याएवढा माणूस असण्याची सवय लागली होती, आणि हे डॉक्टर तर नुसती काडी. तो मेकॅनिक यापूर्वीच दुकान बंद करून गावी निघून गेला होता, आणि त्याच्याखेरीज तिच्या चाकांना हात लावायला कोणी धजत नव्हतं.

"मी म्हणत नव्हतो?" मोजणीदार अंगणात येरझारा घालू लागले. "नाही चालत ती माझ्याशिवाय! आता असं करू. तुम्ही दोघी सोमवारी पुढे व्हा. मी राहतो इथे. डॉक्टरांच्या मागे बसत जाईन. वर्ष, दीड वर्षात सवय होईल तिला. मग येतो मी."

बायकोच्या हातातल्या सुया थांबल्या. "काय म्हणालात?"

"गाडीला गरज आहे गं माझी."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. पण तिने विणकाम खाली ठेवलं. उठून आत गेली, बांधून ठेवलेल्या त्यांच्या बॅगेचा पट्टा सोडला, त्यांच्यासाठी विणलेला स्वेटर बाहेर काढला आणि खुंटीला अडकवला. मग स्वतःच्या बॅगेपाशी जमिनीवर बसून राहिली. दारातून मोजणीदारांना तिची पाठ दिसत होती. गेल्या वर्षी धाकटीचा फोन ठेवल्यावर ती अशीच बसली होती, हे त्यांना आठवलं. जाऊन तिच्याशेजारी बसावं असं वाटलं, पण ते दारातच उभे राहिले. आणि खोटं कशाला सांगा, आपल्यावाचून कुणाचं तरी अडतंय हे सुख सोडवतही नव्हतं. तीन वाजले होते.

डॉक्टर मात्र दगडावर बसून विचार करत होते. एकदम म्हणाले, "वजन किती?"

"गाडीचं?"

"तुमचं."

"घरात वजनाचा काटा नाही. बायकोने आणू दिला नाही."

"माझ्याकडे आहे. चला."

दवाखान्यात वासरांचा काटा होता. खाली लोखंडी पाट आणि दोन्ही बाजूंना दांडे. मोजणीदारांना त्यावर उभं केलं.

"हलू नका. शाब्बास! मान सरळ. असं शहाण्यासारखं उभं राहायचं. हो, हो, हो..." डॉक्टर त्यांची पाठ थोपटत म्हणाले. मग ओशाळले. "माफ करा, सवय आहे. चौऱ्याण्णव किलो."

"नव्वद असेल."

"काट्याला खोटं बोलता येत नाही." डॉक्टर बोटं मोजू लागले. "पेंडीचं एक पोतं पन्नास. अर्धं पोतं पंचवीस. झाले पंच्याहत्तर. गुरांनी चाटायच्या मिठाच्या विटा दोन दोन किलोच्या, त्या नऊ. त्र्याण्णव."

"आणि एक किलो?" मोजणीदारांनी शेवटची आशा धरून विचारलं.

"तो तुमच्या खिशातल्या टेपचा असेल."

खिशात हात घातला तर जमीन मोजायची लोखंडी टेप होतीच. मोजणीदारांनी ती काढून काट्यापाशी ठेवली. काटा खाली आला. त्र्याण्णव.

चारला पाच मिनिटं कमी असताना पेंडीचं दीड पोतं आणि नऊ विटा डॉक्टरांच्या मागच्या सीटवर बसवून झाल्या. डॉक्टरांच्या आईने पोत्याला दोरी बांधली. त्याच वेळी भंगारवाल्याचा टेम्पो फाटकाशी लागला. तो खाली उतरला आणि गॅसची टाकी उतरवू लागला. मोजणीदारांनी डोळे मिटून घेतले.

पाय आपटला. थोरली सुरू झाली. टेम्पोला वळसा घालून बाहेर पडली, गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. मोजणीदारांनी एक डोळा उघडून चाकांच्या खुणा पाहिल्या. आयुष्यभर रेषा आखलेला माणूस तो. नजरेला केसभर वाकडेपणा दिसेना.

"सरळ!" डॉक्टर खिडकीतून ओरडले. "एकदम सरळ!"

सासूबाईही फेरीला गेल्या होत्या, म्हाताऱ्या मैत्रिणीचं पक्कं झालंय का बघायला. उतरताना म्हणाल्या, "जावईबापू, मनाला लावून घेऊ नका. पण पोतं वळणावर ओरडत नाही."

डॉक्टरांची आई म्हणाली, "आणि जेवायची वेळ झाली का, असं विचारतही नाही."

बॉनेटवर कागद ठेवून सह्या झाल्या. भंगारवाला रिकाम्या हाताने जायला तयार नव्हता, म्हणून त्याला मोजणीदारांची घरातल्या घरात चालवायची व्यायामाची सायकल दिली. तिच्यावर वापराची एकही खूण नव्हती. त्याने दोनदा विचारलं, नवी आहे का.

डॉक्टरांनी मोजणीदारांचे दोन्ही हात धरले. "साहेब, जीव लावून सांभाळीन. माझा शब्द आहे." तो माणूस खरंच बोलत होता, हे मोजणीदारांना कळलं. त्यांनी खिशातली अकरा पानं काढली, थोडा विचार केला आणि पोत्याच्या दोरीत खोचून ठेवली. थोरली निघाली. वळणावर डॉक्टरांच्या बायकोचा हात बाहेर आला आणि गाडी दिसेनाशी झाली. मोजणीदारांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ते त्यांनी पुसलंही नाही.

घरात आले. खुंटीवर स्वेटर लटकत होता. बाहेर उकाडा मी म्हणत होता. मोजणीदारांनी स्वेटर काढला आणि डोक्यातून अंगात घातला. बाही लांब होती, गळा घट्ट होता. तसेच जाऊन ते बायकोशेजारी जमिनीवर बसले.

"काढा तो," बायको त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "घाम येईल."

"येऊ दे. सोमवारपर्यंत सवय करून ठेवतो."

मग ती वळली. त्यांच्या गळ्याशी अडकलेली लोकर तिने सरळ केली आणि त्यांच्या बॅगेचा पट्टा पुन्हा आवळून घेतला. मोजणीदारांना धीर आला. धीर आला की त्यांना प्रश्न पडतात.

"अगं, एक खरं सांगशील? मी इथेच राहिलो असतो, तर तू गेली असतीस?"

"गेले असते."

"आणि माझ्याशिवाय करमलं असतं?"

बायको विचारात पडली. बराच वेळ पडली. मोजणीदारांना घामाची धार लागली.

"खरं सांगू?" ती म्हणाली. "ते पोतं नेलं असतं हो. पण त्याला व्हिसा कुठून आणायचा?"

तेवढ्यात आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला.

"अर्ज करून तरी बघायचा होतास गं!"